शेवटच्या खणातली कवळी

१

भिंगरीची सकाळ तोंडात कवळी घालण्यापासून सुरू व्हायची. दातांची कवळी नव्हे. दात तिचे धडधाकट होते, वयच काय होतं तिचं! ही कवळी टाळूची. पातळ, काळी, दातांवाचूनची, तोंडाच्या छताला आतून चिकटून बसेल अशी.

विद्यापीठातला रशियन वगैरे स्लाव्हिक भाषांचा विभाग अगदी वरच्या मजल्यावर होता. एक वर्ग, एक पुस्तकांची खोली आणि टोकाला उच्चारांची खोली. त्या खोलीत एक बेसिन, लांब टेबल, भिंतीवर आरसा आणि लहान लहान खणांचं एक लाकडी कपाट. विभाग सांभाळायच्या त्या एक वयस्कर बाई. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. त्यांची शिकवायची तऱ्हा जुनी होती. बाकीकडे आता यंत्रं आली होती, पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटत होत्या; बाईंना त्यात राम वाटत नसे. "कान खोटं सांगतो, जीभ त्याहून खोटं सांगते," म्हणायच्या, "खडूला खोटं बोलता येत नाही."

तऱ्हा अशी, की वर्ष सुरू झालं की दातांचे साचे करणारा एक कारागीर यायचा आणि प्रत्येकाच्या टाळूचा ठसा घेऊन जायचा. त्यावरून ज्याची त्याची कवळी तयार व्हायची. तिच्या जिभेकडच्या बाजूवर खडूची बारीक पूड भुरभुरायची, अलगद तोंडात बसवायची, एकच उच्चार करायचा आणि जीभ आणखी कुठं न लावता बाहेर काढायची. जीभ जिथं टेकली तिथली पूड निघून गेलेली असते, तिथं काळं दिसतं. ते काळं बघून बाई सांगायच्या, जीभ कुठं घसरली. मग कवळी धुवायची, कोरडी पुसायची आणि आपल्या खणात ठेवायची. खणावर आपल्या नावाची चिठ्ठी.

"ही काही चप्पल नव्हे बरं का," कारागिरानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "दुसऱ्याची तुमच्या तोंडात बसायची नाही. बसवायला जाल तर ओकाल."

रशियन भाषेत बहुतेक व्यंजनांची दोन रूपं असतात, एक कडक आणि एक मऊ. मऊ म्हणताना जिभेची पाठ उचलून टाळूला अंथरावी लागते. भिंगरीची जीभ अंथरली जायचीच नाही, टोकानं टोचायची. पोरगी इतकी बोलकी की लहानपणापासून नावच पडलं भिंगरी, पण इथं तिच्या जिभेचं लाकूड व्हायचं.

शेजारी काका बसायचे. टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर हौसेनं शिकायला आलेले. तिच्या कवळीत डोकावून म्हणायचे, "पुन्हा टोकाचाच ठिपका? अगं, तिकीट चिकटवतेस असं समज. तिकिटाला आपण टोक लावतो का? अख्खी जीभ फिरवतो."

"ई, काका! थुंकीनं चिकटवायचात तुम्ही?"

"अख्खी नोकरी. निम्म्या गावाच्या पत्रांवर माझी थुंकी आहे, सांगू नकोस कुणाला."

बाई मात्र हसल्या नाहीत. "तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात," त्या म्हणाल्या. "मऊ व्यंजनं आली नाहीत तर तुला पुढच्या वर्गात घेणं माझ्या हातात नाही. मग विभाग सोडावा लागेल, आणि आमची पुस्तकंही परत करावी लागतील."

पुस्तकं म्हटल्यावर भिंगरीनं निमूट कवळी धुतली आणि पुन्हा पूड भुरभुरली.

२

त्याचं कारण घरी होतं.

भिंगरीचे बाबा घड्याळजी होते. डोळे चांगले होते तोवर भिंग लावून दिवस दिवस बसायचे. मग नजर गेली, आधी कडेनं, नंतर मधूनही. खालचं दुकान भाड्यानं दिलं, बापलेक वरच्या दोन खोल्यांत राहिले. आई कधीच गेली होती. अजून कुणी जुनं गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं, तर बाबा ते कानाशी धरायचे आणि आत काय झिजलंय ते सांगायचे. दुरुस्त करायला मग दुसरीकडे पाठवायचे.

दिसत होतं तेव्हा त्यांनी एक जाडजूड रशियन कादंबरी आपल्या भाषेतून वाचली होती. एका पाणचक्कीवाल्याच्या घरची गोष्ट. भाषांतर करणाऱ्यानं पहिला भाग केला आणि हात टेकले. दुसरा भाग आपल्याकडे आलाच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी चक्कीवाल्याची धाकटी सून कुणाला न सांगता घराबाहेर पडते. तिचं पुढं काय झालं, हे बाबांच्या मनात वर्षानुवर्षं रुतून बसलं होतं. भिंगरीनं ही भाषा घेतली ती त्यासाठी. विभागाच्या पुस्तकांच्या खोलीत तो दुसरा भाग होता, मूळ भाषेतला, आणि तो आता त्यांच्या घरी, बाबांच्या खाटेशेजारी होता.

रोज संध्याकाळी वाचन चालायचं. एक परिच्छेद आधी रशियनमध्ये, मग आपल्या भाषेत.

"आधी त्यांच्या तोंडून ऐकव," बाबा म्हणायचे. "समजत नाही, पण चक्कीचा आवाज येतो त्यात."

"बाबा, हा आता नवीन माणूस आला हं."

"नवीन कसला! तोच तो मोठा मुलगा. एकेकाला चार चार नावं या लोकांत. लाडाचं वेगळं, बापाच्या नावासकट वेगळं, आणि बायको चिडली की आणखी एक. तू वाच, मी ओळखतो सगळ्यांना."

एकदा ती अडखळून चिडली आणि पुस्तक मिटलं. "माझी जीभच मेली नालायक आहे."

"असू दे की," बाबा म्हणाले. "घड्याळाच्या चाकाचा एक दात झिजला की ते एका ठोक्याला जरासं लंगडतं. तशी तू लंगडतेस. मला आवडतं ते." जरा वेळानं हळूच म्हणाले, "तुला शेवटची पाहिली तेव्हा तू शाळेत होतीस. आता तुझा चेहरा आठवायला गेलो की तुझी आईच पुढ्यात येते. आवाज तेवढा तुझा तुझा राहिलाय माझ्याकडे. त्यावरून हजारांत काढीन तुला."

३

कपाटाच्या शेवटच्या खणावरची चिठ्ठी पिवळी पडून कोरी झाली होती. आत एक जुनी कवळी होती. पूर्वीच्या कुणा विद्यार्थिनीची, न्यायची राहिलेली. भिंगरीचा खण त्याच्या अलीकडचा.

एका सकाळी तिला ती जुनी कवळी ओली दिसली.

खोलीची किल्ली तिनंच कार्यालयातून आणली होती, कुलूप तिनंच उघडलं होतं. खिडक्या बंद होत्या. बाकीच्या कवळ्या कोरड्या ठणठणीत. ही मात्र चमकत होती. ओल म्हणावी तर नुसती हीच कशी ओलावली? सफाईवाल्या मावशींनी धुतली असेल, तिनं स्वतःची समजूत घातली. बोट लावून पाहिलं. बोट वर उचललं तर मागोमाग एक बारीक तार उचलली गेली, लांब झाली आणि तुटली.

पाण्याला तार येत नाही.

बेसिनवर तिनं साबण लावून हात धुतला, हुंगला, परत धुतला. वास जाईना. कुजका नव्हता तो. आजारी माणूस सकाळी पहिल्यांदा तोंड उघडतो ना, तसा. आतला, कोंडलेला, उबट.

"काका, ही तुमची गंमत ना?" तिनं विचारलं.

"मी इतका घाणेरडा दिसतो?"

"तिकिटांचं तुम्हीच सांगितलंत."

"ते सरकारी काम होतं," काका म्हणाले. "लोकांच्या कवळ्या चाटायला मला पगार नाही."

हसण्यावारी गेलं. पण भिंगरी डोक्यानं चालणारी पोरगी. घरी जाण्यापूर्वी तिनं ती जुनी कवळी चिमट्यानं धरून कोरडी केली, तिच्यावर खडूची पूड भुरभुरली, खणात ठेवली, खोलीला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली कार्यालयात दिली. दमट हवा असेल तर पूड सगळीकडे सारखी भिजेल, एवढंच तिला बघायचं होतं.

सकाळी पूड कोरडी होती. फक्त मधोमध, दोन्ही कडांपर्यंत, एक रुंद काळा ठसा होता. अंथरलेल्या जिभेचा. बाईंच्या पुस्तकात मऊ व्यंजनाची जी आकृती होती, हुबेहूब ती. इतका स्वच्छ ठसा वर्गात आजवर कुणाचाच उमटला नव्हता.

४

हे बाईंना सांगायचं असं तिनं ठरवलं होतं. पण त्याच दिवशी बाईंनी सरावाची परीक्षा काढली आणि सगळ्यांची धांदल उडाली. कवळ्या धुऊन एकाच फडक्यावर पालथ्या पडल्या होत्या, मग कुणीतरी घाईनं त्या खणांत सारल्या. बाईंनी नाव पुकारलं. भिंगरीनं घाईत, न बघताच खणात हात घालून कवळी उचलली, पूड भुरभुरली, तोंडात सारली आणि अंगठ्यानं वर दाबली.

'चप्' असा आवाज झाला.

तिची कवळी असा आवाज करत नसे. ती नेहमी एका कडेनं जराशी डुगडुगायची. ही बसली ती ओठाला ओठ लागावा तशी. आणि ती गार नव्हती.

"म्हण," बाई कागदावर बघत म्हणाल्या.

भिंगरीनं म्हटलं. जीभ आपोआप उचलली गेली, पसरली आणि गादीवर अंग टाकावं तशी टाळूवर पडली. मऊ न. मऊ ल. मऊ त. काकांनी चष्मा काढला.

"आता कोण बोललं?" बाईंनी मान वर केली.

भिंगरीनं कवळी काढली. रुंद काळा ठसा. मग तिची नजर कपाटाकडे गेली. तिच्या खणात तिची कवळी कोरडीच पडली होती. शेवटचा खण रिकामा होता.

तोंडाला एकदम पाणी सुटलं, घशातून आंबट काहीतरी वर आलं. कवळीच्या खाचांत पिवळट कीट बसलेलं तिला आता दिसलं, कुणाच्या तरी तोंडाचं, कितीतरी दिवसांचं. तेच तिच्या जिभेनं चाटलं होतं. त्याची चव अजून जिभेवर होती, गुळमट, जुन्या गादीच्या कापसासारखी.

"बेसिनवर जाऊन येते," एवढं म्हणून ती गेली आणि भडभडा ओकली.

परत आली तेव्हा बाई तिच्याकडे अशा बघत होत्या, जशा त्या कुणाकडेच बघत नसत. "पोरी, असं तर मलाही येत नाही," त्या म्हणाल्या. "असंच म्हणालीस तर परीक्षक उठून उभे राहतील. पुन्हा म्हण बघू."

तेव्हा सांगता आलं असतं. बाई, ही माझी नाही, चुकून घेतली, एवढं एक वाक्य. तिला पुस्तक आठवलं, खाटेशेजारचं, निम्मं राहिलेलं. तिनं डोळे मिटले, श्वास रोखला आणि कवळी पुन्हा तोंडात सारली.

चप्.

५

मग रोजचंच झालं. ती उकळत्या पाण्यात धुवायची, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, ब्रशनं खाचा घासायची. काळ्यावरचं पिवळं निघून जायचं आणि सकाळी परत आलेलं असायचं, ताजं. हे सगळं परीक्षेपुरतं, असं ती मनाला सांगायची. डॉक्टरांचा चमचा नाही का सगळ्यांच्या तोंडात जात? खाणावळीतले पेले नाही का? असे मुद्दे तिच्याकडे पुष्कळ होते. एकही पोटापर्यंत पोचायचा नाही. कवळी ओठांशी आणली की पोट स्वतःचं स्वतः आवळायचं.

सर्वांत वाईट, ती तोंडात नसतानाही जीभ गप्प बसेना. रस्त्यानं चालताना, भाजी घेताना, तिची जीभ आत हळूहळू टाळूवरून फिरायची, चाटून पुसून घेतल्यासारखी. ती थांबवायची. लक्ष दुसरीकडे गेलं की परत सुरू.

घरी तिनं वाचायला घेतलं. एक सबंध परिच्छेद, एकदाही न अडखळता. तिला वाटलं, बाबा खूश होतील.

बाबांनी मान तिरकी केली, घड्याळ ऐकताना करायचे तशी.

"कुणी आलंय का गं?"

"नाही बाबा. मीच आहे."

"नाही, वाचलं कुणी?"

"मीच की. सुधारले मी. बाईंनी पाठ थोपटली."

"हं," बाबा म्हणाले. "छान आहे. फार छान आहे." त्यांचा हात चादरीवर काहीतरी शोधल्यासारखा फिरत होता. "मधे मधे एक आवाज येतो. ओलं काहीतरी सुटून यावं तसा. पाणी पितेस का वाचताना?"

"नाही."

"मग आपल्या भाषेतलं सांग आता. ते तरी तूच सांग."

तिनं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं, की आपल्या भाषेतले शब्दही जिभेखालून तुपासारखे घसरत बाहेर येताहेत. बाबा ऐकत होते. पाहुण्याचं ऐकतात तसे, मधे न बोलता.

६

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती जिना चढत होती. काका वरून उतरत होते. तिला बघताच त्यांचा पाय पायरीवरच अडला.

"तू खाली कुठून आलीस?"

"घरून. आत्ताच."

"अगं, आत्ता उच्चारांच्या खोलीत होतीस ना? दाराबाहेरून ऐकलं मी. म्हटलं सराव चाललाय, कशाला मधे जा."

"मी नव्हते काका."

"तूच होतीस. तुझा आवाज मला कळत नाही होय? तेच ते टोकानं टोचणं, पहिल्यासारखं. एकच शब्द घोळवून घोळवून म्हणत होतीस. चुकायचीस, जरा थांबायचीस आणि परत तस्संच चुकायचीस. मनात म्हटलं, काल इतकं सुरेख म्हणत होती, आज मुद्दाम वाईट का म्हणतेय?"

"किल्ली माझ्या हातात आहे," भिंगरी म्हणाली. तिनं ती दाखवली.

काकांनी किल्लीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्यांची थट्टा कुठं गेली कुणास ठाऊक. "मी जातो," म्हणाले. "तूही वर जाऊ नकोस, माझं ऐक."

ती गेली. खोलीला कुलूप होतं. आत कुणी नव्हतं. टेबलावर खडूची पूड सांडली होती, बेसिनचा नळ कोरडा होता. तिच्या खणात तिची स्वतःची कवळी होती. किती दिवसांत तिनं तिला हात लावला नव्हता.

ती ओली होती. तिच्यावरच्या पुडीत मधोमध ठिपका होता, टोकाचा, तिच्या नेहमीच्या चुकीचा. त्या एकाच जागी तो इतक्यांदा उमटला होता, की काळा रंग खरवडला जाऊन खालचं पांढुरकं दिसू लागलं होतं. कुणीतरी तिची चूक गिरवत होतं.

एवढं बघूनही ती पळाली नाही, यातच तिचं डोकं अजून ठिकाणावर होतं असं म्हणावं लागेल. तिनं विचार केला, आपली ती आपली. ही परत घालू, जुनी फेकून देऊ, पडलो परीक्षेत तर पडलो. तिनं स्वतःची कवळी धुतली, पुसली आणि तोंडात घातली.

ती बसेना. कडा हिरडीत रुतल्या, मधे पोकळी राहिली. दाबली तशी तिला ओकारी आली आणि कवळी बेसिनमध्ये पडली. आरशासमोर तोंड उघडून तिनं बोट आत घातलं. लहानपणापासून तिच्या टाळूवर डाव्या अंगाला एक बारीकशी गाठ होती. घास खाताना जिभेला रोज लागायची. ती गाठ नव्हती. बोटाखाली होती उंच, अरुंद, गुळगुळीत कमान. तिच्यात तिला ओळखीच्या नसलेल्या वळ्या होत्या आणि बोट लागताच त्या जराशा आकसल्या.

तिनं बोट बाहेर काढलं. तार आली, लांब झाली आणि तुटली.

७

"बाई, शेवटच्या खणातली कवळी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई परीक्षेची खोली लावून घेत होत्या. "ती होय? होती एक. हुशार होती, पण तिचं तिला पुरायचं नाही. सगळ्यांचे उच्चार हुबेहूब काढायची, माझेसुद्धा. शेवटी शेवटी तिचा स्वतःचा आवाज कुठला तेच कुणाला कळेना."

"मग?"

"मग काय! एक दिवस इथंच बसून राहिली, तिला घरी न्यायला कुणी आलं नाही. तिच्या घरच्यांना फोन केला तर ते म्हणाले, आमची मुलगी घरीच आहे." बाईंनी पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "आता हे कशाला? परीक्षक आलेत. तोंड धुऊन ये, हनुवटी ओली आहे तुझी."

परीक्षेला कवळी लागलीच नाही. परीक्षक दोन होते, लांबून आलेले. त्यांनी एक उतारा पुढं केला आणि भिंगरीनं तोंड उघडलं. आपण वाचत नाही, आपल्या आतून कुणीतरी गरम, पचपचीत काहीतरी ओठांबाहेर ढकलतंय आणि आपण फक्त जबडा उघडून धरलाय, असं तिला सारखं वाटत होतं. उतारा संपला तेव्हा थोरल्या परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आपलं लहानपण रशियातच गेलं का?" त्यांनी विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. बोलली नाही. तोंड भरलं होतं, आणि इतक्या लोकांसमोर गिळायची तिला किळस येत होती.

पहिला नंबर तिचा आला. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि लगेच सोडलं. सोडताना त्यांनी पदरानं स्वतःचा गाल पुसला.

८

भर दुपारी ती घरी निघाली. पळतच निघाली म्हणा ना. पुस्तक आता परत जाणार नव्हतं. बाबांना सगळं सांगायचं, कवळीचंसुद्धा. रशियन वाचायचंच नाही काही दिवस. नुसतं आपल्या भाषेत बोलायचं, अडखळत, पहिल्यासारखं. बाबा ऐकतील, ओळखतील आणि हळूहळू सगळं जागेवर येईल. बाबांनी एकदा ओळखलं की झालं, एवढीच तिची आशा होती.

जिन्यात वाचनाचा आवाज आला.

तिला वाटलं, खालच्या दुकानात रेडिओ असेल. दोन पायऱ्या चढून गेल्यावर तसं वाटेना. आवाज वरून, त्यांच्याच दारातून येत होता. रशियन. चक्कीवाल्याच्या घरातलीच माणसं. आणि प्रत्येक मऊ व्यंजनाला वाचणारी टोकानं टोचत होती, जरा अडत होती, लंगडत पुढं जात होती. मधेच थांबून ती म्हणाली, "बाबा, हा नवीन माणूस आला हं." आणि बाबा हसले. किती दिवसांनी असे हसले.

दार नुसतं लोटलेलं होतं. भिंगरीनं कडी वाजवली. स्वतःच्या घराच्या दाराची कडी तिनं का वाजवली, तिला सांगता आलं नसतं.

वाचन थांबलं. बाबा भिंतीला हात लावत दारापर्यंत आले.

"कोण?"

"बाबा, मी."

शब्द सुरेख आले. एवढे गोल, एवढे मऊ, की तिचे तिलाच परके वाटले.

बाबांनी मान तिरकी केली. ते ऐकत होते, तसे ते नेहमीच नीट ऐकायचे. तिनं आपली जुनी अडखळ आणायची शिकस्त केली. टोक लावायला गेली, दातांत जीभ धरली, पण जीभ सुटली आणि आपली आपण अंथरली गेली. "बाबा, मी भिंगरी. माझं ऐका, आत कोण आहे ते..."

"अच्छा, अच्छा, तिच्या मैत्रीण का तुम्ही? विभागातल्या?" बाबांचा चेहरा उजळला. "या ना, आत या. अशा उन्हाच्या आलात." त्यांनी हात पुढं केला. तिनं तो धरला. तळवा ओला होता, चिकट. बोटांमधून काहीतरी तिच्या मनगटावर ओघळलं. "हात जरा ओला आहे हं, माफ करा. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत होतो. वाचून वाचून घाम आलाय तिला."

त्यांच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. खाटेच्या कडेला कुणीतरी तिरकं, अर्धं पाठमोरं बसलं होतं. केस मानेला चिकटले होते. मांडीवर पुस्तक होतं, आणि खाली झुकलेल्या तोंडातून एक तार पानावर उतरली होती, ती तुटत नव्हती. बोटानं ती बाजूला सारून त्या आकृतीनं पान उलटलं. पान सुटं व्हायला वेळ लागला. मग डोकं सावकाश दाराकडे वळू लागलं, आणि भिंगरीनं नजर खाली घातली. तिला तो चेहरा कुणाचा आहे ते बघायचं नव्हतं.

"बाबा," ती पुन्हा म्हणाली. आता तिला रडू फुटलं होतं आणि रडण्यातही तिचा एक शब्द तुटला नाही. "बाबा, मला ओळखा ना. मीच आहे हो तुमची."

बाबा थबकले. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, क्षणभर राहिली. आत कुणीतरी घोट गिळला आणि हाक मारली, "बाबा, येताय ना? निम्मंच राहिलंय." हाकेत एक जागा जराशी लंगडली.

बाबांची आठी मिटली.

"आलो गं," ते आत वळून म्हणाले. मग भिंगरीच्या हातावर हळूच थोपटून, परक्या मुलीला धीर द्यावा तशा मायेनं म्हणाले, "रडू नका. घरची आठवण येते का? लांबून आला असाल. पण आमची भाषा किती छान बोलता हो तुम्ही."